ऐकण्याची किंमत

अंधेरीच्या एका जुन्या गावठाणालगत उभ्या राहिलेल्या इमारतीत आमचे एक स्नेही राहतात. आखाती देशात वीस वर्षे नोकरी करून ते परतले आणि मनात जपलेली एक हौस त्यांनी पुरी केली. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत त्यांनी गाणे ऐकण्याची यंत्रसामग्री मांडली: टर्नटेबल, दोन ॲम्प्लिफायर, छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर आणि त्यांना जोडणाऱ्या जाडजूड तारा. एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी आम्हांला मुद्दाम घरी नेले. किंमत त्यांनी सांगितली नाही. ती वहिनींनी चहा देताना हळूच सांगितली. त्या रकमेत एक चांगली मोटारगाडी आली असती. तबकडी फिरू लागली, आणि व्हायोलिनच्या तारेवरून गज सरकतानाची घासही ऐकून आमच्या अंगावर काटा आला, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. प्रश्न पडला तो परतताना, बसच्या रांगेत: एवढा खर्च न्याय्य म्हणावा काय?

जगाच्या मानाने आमच्या स्नेह्यांची हौस लहानच. जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीने २०१५ साली जाहीर केलेल्या एका हेडफोन-संचाची किंमत सुमारे ५०,००० युरो होती. त्या वेळच्या भावाने पस्तीस लाख रुपयांच्या आसपास.

एवढे देऊन कानाला अधिक काय मिळते? निरोगी तरुण कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. १९८२ साली बाजारात आलेली सीडी दर सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदवते, आणि एवढ्याने कानाची सारी कक्षा व्यापली जाते. सीडीहून सरस म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकड्या आणि त्यांचाच सीडीच्या दर्जावर उतरवलेला आवाज, यांतील कोणता कोणता हे न सांगता अमेरिकेत मायर व मोरन यांनी श्रोत्यांची परीक्षा घेतली. २००७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही एवढेच यश मिळाले असते! स्पीकरची गोष्ट निराळी. चांगल्या-वाईट स्पीकरांतला फरक कोणालाही कळतो. पण तिथेही खोली आडवी येते. ५० हर्ट्झच्या खर्ज स्वराची लहर हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. बारा फुटांच्या खोलीत ती भिंतींवर आपटून एका कोपऱ्यात फुगते, तर मध्यभागी जवळजवळ नाहीशी होते. तिच्या जोगी खोली उपनगरात घ्यायची, तर यंत्राची किंमत त्यापुढे किरकोळ ठरेल.

म्हणजे एका मर्यादेनंतर पैसा कानासाठी खर्च होत नाही. तो कशासाठी होतो, हे मात्र दुसऱ्याने ठरवू नये असे आम्हांस वाटते. बेथानीच्या मरियेने प्रभूच्या चरणांना लावलेले सुगंधी तेल तीनशे दीनारांचे होते. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा जवळजवळ वर्षभराची कमाई एका घटकेत संपली. ते विकून गोरगरिबांना का दिले नाही, हा हिशेब मांडणारा यहूदा होता, आणि त्याला गरिबांची कळकळ नव्हती, हे संत योहान लगेच नोंदवतो. दुसऱ्याच्या खर्चाचा हिशेब करताना आपली थैली कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहिलेले बरे. परंतु त्या तेलाचा दाखला स्पीकरला जसाच्या तसा लागू पडत नाही. ते तेल मरियेने दुसऱ्यासाठी ओतले होते, आणि त्याच्या वासाने सारे घर भरून गेले होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिकवले की, गरजेहून अधिक जे आपल्यापाशी आहे त्यावर गरिबांचा हक्क आहे. मात्र आपल्या जीवनमानाला शोभेल एवढी गरज कोणती, याची रेघ एका बिंदूवर ओढता येत नाही, हेही त्यांनीच मान्य केले. संगीत ही चैन आहे असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

आणखी एक विचार मनातून जात नाही. आमच्या स्नेह्यांनी लावलेली तबकडी जुन्या हिंदी चित्रपटगीतांची होती. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवणारे अनेक वादक गोव्याहून आलेले ख्रिस्ती होते. तबकडीच्या वेष्टनावर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. वादकाचे बहुधा नसे. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९५८ साली मुंबईत त्यांनी रागसंगीत वाद्यवृंदात बसवण्याचा प्रयोग केला. पण त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७७ साली, शिष्याने एका विनोदी गाण्यात ते गुंफले तेव्हा. आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना ते काल्पनिकच वाटले. गजाची घास ऐकू यावी म्हणून लाखो रुपये मोजायचे आणि गज कोणाच्या हातात होता हे विचारायचेही नाही, ही गोष्ट आम्हांला खर्चापेक्षा अधिक खटकते. आपल्या किती धर्मग्रामांत गायकवृंदाला शिकवणाऱ्या शिक्षकाला नियमित मानधन मिळते, हाही प्रश्न याच पंगतीतला.

त्या घरातील एक गोष्ट सांगायची राहिली. स्नेह्यांच्या मातोश्री ऐंशीच्या पुढे आहेत. तरुणपणी त्या चर्चच्या गायकवृंदात गात असत. आता त्यांना कमी ऐकू येते. मुलाने श्रवणयंत्र आणून दिले आहे, पण ते शिट्टी मारते म्हणून कपाटाच्या खणात पडून असते. कानात ते नीट बसत नाही म्हणून शिट्टी वाजते. साचा पुन्हा घ्यायचा, यंत्र दोन-तीनदा जुळवून घ्यायचे, एवढेच काम. त्या दिवशी आमचे स्नेही तासभर गुडघ्यांवर बसून स्पीकर बोट-बोट सरकवत होते, आणि मातोश्री दारात उभ्या राहून, "लागलं का रे काही?" असे विचारत होत्या.

पुढच्या भेटीत आम्ही हे त्यांच्यापाशी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी ॲम्प्लिफायर बंद केला आणि श्रवणयंत्र बसवणारा चांगला तज्ज्ञ मालाडला आहे की बोरिवलीला, असे विचारले.