उम्मत कोणत्या भूमीची?

सर्व प्रशंसा अल्लाहची, जो पूर्वेचा आणि पश्चिमेचाही स्वामी आहे, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना साऱ्या जगासाठी कृपा म्हणून पाठविण्यात आले.

वाचक बंधू-भगिनींनो! मुसलमान म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर वाळवंट, उंट आणि अरबी पेहराव उभा राहतो. मुसलमानांचे खरे घर अरबस्तान असून इतरत्र ते केवळ पाहुणे आहेत, असा समज आपल्या काही देशबांधवांच्या मनात आहे. त्यांना वस्तुस्थिती कोणी सांगितली नसेल, तर दोष केवळ त्यांचा नाही. खेद याचा आहे की हाच समज निराळ्या रूपात आपल्याही घरात नांदतो. जो अरबासारखा दिसेल तो अधिक धार्मिक, आणि घरात मराठी किंवा कोकणी बोलणे म्हणजे दीनदारीत काहीतरी उणे, असे आपली मुले नकळत शिकतात. म्हणून हा प्रश्न भूगोलाचा वाटला तरी तो ईमानाशी निगडित आहे.

वस्तुस्थिती काय आहे?

२०१० सालच्या एका जागतिक अभ्यासानुसार मुसलमानांची संख्या सुमारे १६० कोटी होती. त्यांपैकी पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेत राहणारे केवळ २० टक्क्यांच्या आसपास होते. सुमारे ६२ टक्के आशियाच्या उर्वरित भागात आणि पॅसिफिक प्रदेशात, तर सुमारे १५ टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहत होते. सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचे पहिले चार देश होते इंडोनेशिया, भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश. यांपैकी एकही अरब देश नाही.

मुसलमान केवळ मुस्लिम देशांतच राहतात, हा दुसरा गैरसमज. त्याच अभ्यासानुसार शंभरातील सुमारे २७ मुसलमान अशा देशांत राहतात, जेथे ते अल्पसंख्य आहेत. प्रत्येक अरब मुसलमान असतो, हा तिसरा गैरसमज. इजिप्त आणि लेबनॉनमध्ये अरबी बोलणारे ख्रिस्ती बांधव शतकानुशतके राहत आले आहेत. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार १७ कोटींहून अधिक मुसलमान आहेत, आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख.

कुरआन व हदीसची शिकवण

सूरह अर-रूममध्ये (आयत २२) माणसांच्या भाषा आणि वर्ण यांतील भिन्नता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक म्हणून सांगितली आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये (आयत १३) स्पष्ट केले आहे की राष्ट्रे आणि कबीले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत. अल्लाहपाशी प्रतिष्ठा मिळते ती तकव्याने. शेवटच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) अरबाला अरबेतरावर कोणतेही श्रेष्ठत्व नाही, असे बजावले. हजरत बिलाल (रजि.) हबशाचे, हजरत सलमान (रजि.) इराणचे; तरीही प्रेषितांच्या सोबत्यांत त्यांचे स्थान किती उच्च होते, हे आपण जाणतो.

प्रेषितांनी (स.) असेही सांगितले की त्यांच्यासाठी संपूर्ण पृथ्वी सजद्याची जागा करण्यात आली आहे. मग पालघरच्या किनाऱ्यावर केलेला सजदा हिजाजच्या वाळूवर केलेल्या सजद्याहून परका कसा ठरेल? काबा आपला किब्ला आहे. तो आपली दिशा ठरवितो, आपला गाव पुसून टाकत नाही.

चिंचणीचा ताम्रपट

तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गावी विसाव्या शतकात काही प्राचीन ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. त्यावरून कळते की या किनाऱ्यावरील संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांनी ताजिक, म्हणजे अरब समाजातील मुहम्मद नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपविला होता. ताम्रपटाच्या संस्कृतात त्याचे नाव ‘मधुमति’ असे झाले आहे. त्याने लोकांसाठी दोन प्रवाहांवर विनामूल्य नाव सुरू केली आणि एक अन्नछत्र उघडले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट वाढले जाई. राजाच्या संमतीने तेथील एका मठाला जमीनही त्याच्याच हातून मिळाली.

याच सुमारास, हिजरी ३०४ मध्ये, अल-मसऊदी हा प्रवासी चौलला आला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे त्याने नोंदविले आणि मुसलमान आई-बापांपोटी याच भूमीत जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणतात, हेही लिहून ठेवले. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच येथे जन्मलेल्या मुसलमानांची संख्या एवढी होती की त्यांना स्वतंत्र नाव होते.

लक्षात घ्या, मुहम्मद नावाच्या त्या अधिकाऱ्याची आठवण तांब्यावर कोरली गेली ती त्याच्या वंशामुळे नव्हे. वाटसरूला पैलतीरी नेणारी नाव आणि भुकेल्याला मिळालेला भात, ही त्याची ओळख ठरली.

आपल्या सफेत कोण उभा आहे?

१९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरला दूरदूरची माणसे आली. आज जुम्म्याच्या नमाजात किनाऱ्यावरच्या पिढीजात रहिवाशाच्या खांद्याला उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल किंवा मराठवाड्यातून आलेल्या कामगाराचा खांदा लागतो. सलाम फिरवेपर्यंत दोघे भाऊ असतात. त्यानंतर? खोली भाड्याने देताना, मुलीचे स्थळ पाहताना, आजारपणात विचारपूस करताना तो ‘बाहेरचा’ होतो काय?

बंधूंनो, आपल्याला कोणी परके म्हटले की मन दुखावते. तोच शब्द आपण दुसऱ्या श्रद्धावंतासाठी वापरला, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मदीनेत मुहाजिर आले तेव्हा अन्सारांनी त्यांचे मूळ गाव पाहून दार लावले नाही. घर आणि उत्पन्न वाटून घेतले.

म्हणून तीन गोष्टी आजच ठरवू या. मुलांना दीनची शिकवण त्यांना समजणाऱ्या भाषेत द्यावी. अल्लाहने प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठविला (सूरह इब्राहीम, आयत ४). आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या परगावच्या कामगाराला नावाने ओळखावे आणि एकदा तरी आपल्या दस्तरखानावर बसवावे. आणि शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याशी भलाईने व न्यायाने वागावे. सूरह अल-मुम्तहिना (आयत ८) याचीच शिकवण देते. मुसलमान कोठला, याचे सर्वांत खरे उत्तर शेजाऱ्याला आपल्या वर्तनातून मिळते.

अल्लाह आपल्याला, तो जेथे ठेवील तेथे, त्या भूमीसाठी उपकारक ठरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.