चेंडू गेला, दोष कोणाचा?

एखादे काम बिघडले की 'कोणी केले?' हा प्रश्न आपल्या तोंडून सर्वांत आधी निघतो. 'काय झाले?' आणि 'का झाले?' हे प्रश्न मागाहून येतात, पुष्कळदा येतच नाहीत. घरात, शाळेत, मंडळीच्या पंचकमिटीत, सर्वत्र हीच रीत. दोष कोणाला द्यावा, किती द्यावा आणि कशासाठी द्यावा, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. तो उलगडून पाहण्यासाठी येथे मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते अमेरिकन फुटबॉलचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा त्या खेळातील संघांशी काही लागाबांधा नाही. म्हणून निवाडा करताना मन एका बाजूला झुकण्याचे भय कमी.

हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी मैदानात उतरतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे; सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा एका ठरलेल्या गड्याच्या हाती येतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो चेंडू जवळच्या गड्याकडे देऊन त्याला पळवतो, किंवा पुढे धावणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकतो. फेकायला त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात, कारण तेवढ्यात प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्यावर चालून आलेले असतात. फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने मधल्यामध्ये झेलला, तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात.

असे प्रत्येक इंटरसेप्शन नोंदवहीत क्वार्टरबॅकच्या नावावर चढते. चेंडू आपल्या गड्याच्या हातात नेमका पडला, त्याच्या तळव्यांवरून उडाला आणि मग प्रतिपक्षाच्या हाती गेला, तरीही नोंद क्वार्टरबॅकच्याच खाती. क्रिकेटमध्ये सोपा झेल सुटला तरी पुढच्या धावा गोलंदाजाच्याच नावावर लागतात, तसेच हे. वहीला एकच रकाना असतो. प्रश्न असा की, आपल्या मनालाही एकच रकाना असावा काय?

आता घटना पाहू. १ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे त्या खेळाचा सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, झाला. सिअ‍ॅटल सीहॉक्स आणि न्यू इंग्लंड पेट्रिअट्स हे दोन संघ समोरासमोर होते. शेवटच्या मिनिटात पेट्रिअट्स २८–२४ असे पुढे होते, पण सीहॉक्स अगदी सीमारेषेपाशी येऊन ठेपले होते. फक्त एक यार्ड उरला होता. तीन प्रयत्न हाती होते आणि घड्याळात २६ सेकंद होते. मार्शॉन लिंच हा त्यांचा दणकट धावपटू बाजूलाच उभा होता. चेंडू त्याच्या हाती जाणार असे साऱ्या जगाने धरून ठेवले होते. परंतु क्वार्टरबॅक रसेल विल्सनने तो रिकार्डो लॉकेट या गड्याकडे फेकला. पेट्रिअट्सच्या माल्कम बटलरने झडप घालून तो मध्येच झेलला. सामना तेथेच संपल्यासारखा झाला.

मग दोषाची वाटणी सुरू झाली. कोणी म्हणाले, दोष मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांचा. लिंच असताना चेंडू फेकायचा कशाला? कोणी म्हणाले, ही खेळी निवडणारे त्यांचे सहकारी डॅरेल बेव्हेल यांचा. कोणी विल्सनला धरले, तर कोणी लॉकेटला. जर्मेन कर्स या गड्याने ब्रँडन ब्राउनरला मागे रेटून लॉकेटची वाट मोकळी करायची होती. ब्राउनर जागचा हललाच नाही, म्हणून काहींनी कर्सकडे बोट दाखवले. चेंडू एक, आणि आरोपी पाच!

पहिली कसोटी ही की, निर्णय घेतला त्या क्षणी माणसाला काय ठाऊक होते? कॅरोल यांच्याजवळ खेळ थांबवून घेण्याची एकच संधी उरली होती. चेंडू घेऊन पळणारा गडी मैदानात अडवला गेला तर घड्याळ चालूच राहते. फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर ते थांबते. उरलेल्या २६ सेकंदांत तिन्ही प्रयत्न करायचे तर त्यांपैकी एकदा तरी चेंडू फेकणे जवळजवळ भाग होते. पेट्रिअट्सनीही धाव अडवणारे दांडगे गडीच समोर उभे केले होते. त्या हंगामात एक यार्डावरून लिंचला पाच वेळा चेंडू दिला गेला होता व एकदाच तो पार गेला होता. उलट, एक यार्डावरून फेकलेला एकही चेंडू त्या हंगामात तोवर कोणत्याच प्रतिपक्षाने झेलला नव्हता. चेंडू फेकावा पण मधल्या गर्दीत फेकू नये, हा आक्षेप वाजवी आहे. पण जो निर्णय लोकांनी शुद्ध मूर्खपणा ठरवला, तो मूर्खपणा नव्हता. लॉकेटने चेंडू झेलला असता तर तीच खेळी चातुर्याची म्हणून वाखाणली गेली असती.

ही केवळ कल्पना नव्हे. दोनच आठवड्यांपूर्वी, १८ जानेवारी २०१५ रोजी, ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या सामन्यात याच विल्सनचे चार चेंडू प्रतिपक्षाने झेलले. ते चारही कर्सकडे फेकलेले होते, आणि त्यांतला चौथा तर कर्सच्या हातांवरूनच उडाला होता. तरीही जादा वेळेत विल्सनने त्याच कर्सकडे लांब चेंडू फेकला, त्याने तो झेलला आणि सीहॉक्सनी २८–२२ असा विजय मिळवला. त्या चार चुका आज किती जणांच्या स्मरणात आहेत? आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या अंतिम सामन्यात पेट्रिअट्सच्या टॉम ब्रेडीचे दोन चेंडू सीहॉक्सनी झेलले होते. विल्सनचा गेला एक, ब्रेडीचे गेले दोन. आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सन्मान झाला तो ब्रेडीचा! तेव्हा आपण ज्याला चुकीचे माप म्हणतो, ते पुष्कळदा परिणामाचे माप असते. शेवट गोड झाला की चूक पुसली जाते, आणि कडू झाला की बरा निर्णयही गुन्हा ठरतो.

मग विल्सनवर काहीच भार नाही काय? येथे घाई करू नये. १९७६ साली बर्नर्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नीती आणि दैव यांच्या संबंधावर निबंध लिहिले. विल्यम्स यांनी एका ट्रकचालकाचे उदाहरण दिले आहे. चालक सावधपणे गाडी चालवीत असता अचानक एक मूल चाकाखाली येते. चालकाचा अपराध नाही. तरी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे दुःख आणि त्या चालकाचे दुःख एकसारखे असणार नाही. 'माझा काय दोष?' असे म्हणून तो निवांत जेवायला बसला, तर आपल्याला ते खटकेल. दोष नसतानाही 'हे माझ्या हातून झाले' असे वाटणे, ही खंत माणसाच्या माणुसकीचा भाग आहे.

म्हणजे दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोष तोलून, मोजून द्यावयाचा असतो. त्याला पुरावा लागतो. जबाबदारी मात्र माणूस स्वतः पुढे होऊन उचलतो. सामन्यानंतर कॅरोल यांनी निर्णय आपला होता, दोष आपल्याला द्यावा, असे सांगितले. विल्सननेही चेंडू आपण फेकला होता, असे म्हणून भार स्वतःवर घेतला. बेव्हेल मात्र बोलता बोलता, लॉकेटने चेंडूवर अधिक जोराने जायला हवे होते, असेही बोलून गेले. त्यांचे म्हणणे खेळाच्या दृष्टीने कदाचित खरेही असेल. तरी ऐकणाऱ्याला ते बोचते. का? कारण खेळी पाठवणारा वरच्या जागी होता आणि लॉकेट त्या साखळीच्या शेवटच्या कडीला होता. एदेन बागेतील पहिल्या चौकशीपासून हेच चालले आहे: आदामाने स्त्रीकडे बोट दाखवले, स्त्रीने सर्पाकडे. दोष खाली घरंगळत जातो आणि जो सर्वांत दुबळा, त्याच्या पायाशी येऊन थांबतो. जबाबदारीची वाट उलटी असावी. तिने वर चढत जावे.

पण 'सगळी चूक माझीच' असे म्हणण्यातही एक धोका आहे. ते मोठ्या मनाचे बोलणे असते, परंतु तेवढ्यावरच थांबले तर पुढची चौकशी बंद पडते. कर्स का अडला, चेंडू मधल्या गर्दीतच का गेला, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाही. जबाबदारी एकाने घ्यावी. कारणे मात्र सर्वांनी मिळून शोधावीत.

या साऱ्या वादात एका माणसाचा आपल्याला विसरच पडतो. तो म्हणजे बटलर. चेंडू 'गेला' असे आपण म्हणतो; पण तो कोणीतरी घेतला, म्हणून गेला! बटलर हा वेस्ट अलाबामा या लहानशा विद्यापीठातून आलेला तरुण. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एकाही संघाने त्याचे नाव घेतले नव्हते. सामन्यापूर्वीच्या सरावात सीहॉक्सची हीच खेळी त्याच्यासमोर करून दाखवण्यात आली, तेव्हा तो उशिरा पोहोचला आणि चेंडू पार गेला. तेथे तू पोहोचलेच पाहिजेस, असे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला बजावले. अंतिम सामन्यात गड्यांची तीच मांडणी दिसताच बटलरने ती ओळखली, आणि या वेळी तो लॉकेटच्या आधी पोहोचला.

दोष दाखवण्याचा खरा उपयोग येथे दिसतो. बटलरचीही चूक झाली होती आणि तीही त्याला स्पष्टपणे सांगितली गेली. मात्र ती वेळेवर सांगितली, दुरुस्त करता येईल अशी सांगितली, आणि सांगितल्यावर त्याला संघाबाहेर काढले नाही. त्याच चुकीतून जगाने पाहिलेला तो झेल निपजला. लॉकेट, विल्सन व कॅरोल यांच्यावर लोकांनी जो दोष ओतला, त्यातून मात्र कोणाचे काय सुधारले, हे सांगणे कठीण आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी व मंडळीतील कारभाऱ्यांनी यातून काही घ्यावे. नाताळच्या नाटिकेत एखादे मूल आपले वाक्य विसरते आणि सारे अडते. चूक त्याच्या तोंडून दिसली, एवढे खरे. पण तालमी किती झाल्या, आडपडद्याला आठवण देणारे कोणी उभे केले होते काय, लाजऱ्या मुलाला एवढे लांबलचक वाक्य कोणी दिले, हेही विचारावे. तसेच कार्यक्रमाचा जमाखर्च जुळला नाही तर पहिली नजर खजिनदाराकडे जाते, कारण वही त्याच्या हाती असते. खजिनदाराने उत्तर द्यावे हे योग्यच. परंतु पावत्या वेळेवर कोणी दिल्या नाहीत, याचाही शोध व्हावा.

तेव्हा कोणाला दोष देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. त्या क्षणी त्याला काय ठाऊक होते? त्याच्या हातात किती होते? आणि मी हे बोलतो आहे ते त्याने पुढच्या वेळी नीट करावे म्हणून, की माझी चीड शांत व्हावी म्हणून? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देता आले, तर पुष्कळ बोलणे ओठांवरच थांबेल. आणि जे बोलले जाईल, ते ऐकणाऱ्याला उपयोगी पडेल.