मोडीतली अंगठी

एका गावात एक तरुण सुतार होता. त्याचा साखरपुडा ठरला. मुलीसाठी अंगठी घ्यायला तो आत्याला घेऊन सराफाकडे गेला. सराफाने चहा मागवला. (सराफाच्या दुकानात फुकट मिळतं ते तेवढंच.)

मग त्याने नवी अंगठी पुढे ठेवली. चार ग्रॅमची, २२ कॅरेटची. आत्याला ती बघताक्षणी आवडली. सुताराने हिशेब विचारला.

सराफाने कागदावर मांडला. सोन्याचा भाव, त्यावर १२ टक्के मजुरी, दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के कर. म्हणजे १०० रुपयांच्या सोन्याला ११५ रुपये ३६ पैसे.

"आणि उद्या मोडायला आणली तर?"

"सोन्याचे पैसे मिळतील. मजुरी आणि कर गेले."

सराफ खरं बोलणारा होता. नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

सुताराची नजर कोपऱ्यातल्या ताटलीकडे गेली. तिच्यात मोडीत आलेले दागिने होते. तुटकी साखळी, एकटंच कानातलं आणि एक जुनी अंगठी. अंगठीवर हाताने कोरलेली वेल होती. सुताराने ती उचलली आणि बराच वेळ फिरवून पाहिली. कोरीव कामाला किती दिवस लागतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"ठेव ती खाली," आत्या म्हणाली. "कुणाच्या बोटातली कोण जाणे! नव्या सुनेला वापरलेली वस्तू?"

"शेठ, ही आली कुठून?" सुताराने विचारलं.

सराफाने वही उघडली. विकणाऱ्याचं नाव होतं, सही होती, जुनी पावतीही होती. मग त्याने अंगठी कसोटीवर घासली. शेजारी अस्सल २२ कॅरेटची रेघ ओढली. दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. दोन्ही रेघा सारख्याच राहिल्या.

"आधी हॉलमार्क करून आणतो," तो म्हणाला. "९१६चा शिक्का पडल्याशिवाय मला विकता येत नाही. सोन्याचा भाव, पॉलिश, माप बदलण्याचे थोडे पैसे आणि कर. घडणावळ नाही. ती पहिल्या गिऱ्हाइकानेच भरली आहे."

आत्या ऐकेना. तिने नवी अंगठी मुठीत धरली. "मला कोरं सोनं हवं."

मागे तार ओढत बसलेला शिकाऊ पोरगा फिसकन हसला. "आत्या, ही अंगठी परवा मीच ओतली. सोनं ह्याच ताटलीतलं. एक बिलवर, दोन कुड्या आणि कुणाचा तरी चेपलेला डूल. गाळलं, शुद्ध केलं आणि ओतलं."

सराफाने पोरावर डोळे वटारले. पण नाही म्हणाला नाही.

"बाई, पोरगं खरं बोललं," तो म्हणाला. "सोनं जुनंच असतं. नवी असते ती मजुरी."

सुताराने जुन्या अंगठीचा विसार दिला आणि पावती मागितली.

आत्या आपल्या हातातल्या पाटल्यांकडे बघत राहिली. "मग ह्या कुणाच्या रे?"

"तुमच्याच," सराफ पावती फाडत म्हणाला. "मजुरी तुम्ही भरलीत ना?"