प्रदेश, अस्मिता आणि पुरोगाम्यांचा अंधबिंदू

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. अंमल झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तोही 'नामांतर' म्हणून नव्हे, 'नामविस्तार' म्हणून. मधला काळ केवळ सनातन्यांच्या विरोधाचा असता तर त्यातून वेगळा नैतिक प्रश्न उद्भवला नसता. तो उद्भवतो, कारण विरोधकांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे निजामी सत्तेशी झुंजलेले, डाव्या विचारांचे नेते होते. त्यांना जातीयवादी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने काहीच उलगडत नाही.

प्रदेशाच्या उपेक्षेचे त्यांचे दुःख खरे होते. मात्र त्यांच्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले होते: 'मराठवाडा' हे नाव सर्वांचे आणि 'आंबेडकर' हे नाव एका समूहाचे. वस्तुतः विद्यापीठ स्थापन झाले १९५८ मध्ये; आंबेडकरांच्या संस्थेने याच शहरात महाविद्यालय काढले ते १९५० मध्ये. म्हणजे प्रदेशाच्याच निकषावर हे नाव बाहेरचे ठरत नव्हते. तरीही ते 'विशिष्ट' वाटले. सार्वत्रिक कशाला म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, हे ज्याला जाणवतही नाही, त्याच्या दृष्टीतील अंधबिंदू तो हाच.

ठराव करणारेही यातून सुटत नाहीत. ठरावानंतर दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. शासन 'पुरोगामी' हे विशेषण नावातच धारण करणाऱ्या आघाडीचे होते. शांततेसाठी अंमल लांबला. पण शांततेची किंमत ज्यांची घरे जळाली त्यांनीच द्यावी, हा कोणता न्याय?

याच शहरातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघू लागले होते. 'अस्मिता' हा एकच शब्द दोन्ही बाजूंनी वापरला. दलित साहित्याने त्याचा आरसा केला, तर प्रदेशवाद्यांनी त्याचे कुंपण केले. आरशात न दिसलेला माणूस स्वतःला शोधतो. कुंपण घालणारा आत कोण आहे हे आधीच ठरवून बसलेला असतो.

हा दोष केवळ आपला नव्हे. १९५६ मध्ये एमे सेझेर यांनी फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांचीही तक्रार अशीच होती: वसाहतींतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न एखाद्या मोठ्या लढ्याचा उपभाग मानला जाऊ नये. एका अन्यायाविरुद्ध लढल्याने दुसऱ्या अन्यायाचे ज्ञान आपोआप होत नाही. उलट, लढ्याचे पुण्य कधीकधी डोळ्यांवरची पट्टी बनते.

आज शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवून 'मराठवाड्याला काही मिळाले' असे म्हटले जाते. वाक्य खोटे नाही. परंतु त्यातील 'मराठवाड्याला' या पदात कोण बसते आणि कोण गळते, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ पूर्ण होत नाही. 'मराठी मन', 'आपली संस्कृती' अशी पदे आपली समीक्षाही सहज वापरते. म्हणून राजकारण्यांच्या अंधबिंदूची चिकित्सा करणाऱ्या समीक्षकाने आपल्या वाक्यातील 'आपण' आधी तपासावा. तेवढे नैतिक कर्ज नामांतराच्या साडेपंधरा वर्षांनी आपल्यावर ठेवले आहे.