ससाणे मळा कोणत्या तासाला शिकवायचा?

पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ या एका नावाखाली नदी, नकाशा, आहार, पाणी, शिवकाळ असे सगळे एकत्र नांदत असते. सहावीला या एकत्र कुटुंबाची वाटणी होते. इतिहास वेगळा, भूगोल वेगळा, सामान्य विज्ञान वेगळे. प्रत्येकाची वही वेगळी, तिच्यावरचे लेबल वेगळे, शिक्षक वेगळे. नववीत तर गणितातूनही बीजगणित आणि भूमिती अशा दोन वह्या निघतात. हडपसरच्या ज्या मराठी शाळेत मी शिकले तिथे घंटा झाली की एक वही दप्तरात जायची आणि दुसरी बाहेर यायची. त्या एका हालचालीसरशी आपण कशाविषयी आणि कसा विचार करायचा, हेही बदलायचे.

मला हे आवडायचे, हे आधी सांगते. भूमितीच्या तासाला ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ असे तीन शब्द फळ्यावर आले की मन आपोआप शिस्तीत उभे राहायचे. मराठीच्या बाई कविता दोनदा वाचायच्या. पहिल्यांदा नुसती ऐकायला आणि दुसऱ्यांदा पुस्तकात पाहत. विज्ञानाच्या आकृतीत नावे डाव्या बाजूला लिहिली की गुण जायचे, म्हणून ती सगळी उजवीकडे, एकाखाली एक. इतिहासात ‘कारणे द्या’. प्रत्येक विषयाची अशी एक रीत होती आणि ती अंगवळणी पडण्यात आनंद होता.

पण त्याबरोबर नकळत आणखी एक समजूत घट्ट होत गेली. प्रश्नालाही तास असतो, ही ती समजूत. भूगोलाच्या तासाला कालव्याच्या पाण्याबद्दल विचारले तर ‘हे विज्ञानाच्या तासाला विचार’, आणि विज्ञानाच्या तासाला ‘हे आपल्याला नाही’. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पस्तीस-चाळीस मिनिटांत धडा संपवायचा असतो. पण अशा उत्तरांची सवय झाली की मूल विचारणेच सोडून देते. उत्तर कोणत्या वहीत लिहायचे हे ठाऊक नसलेला प्रश्न त्याला प्रश्नच वाटेनासा होतो.

बी.एड.ला आल्यावर कळले की ही बोच जुनी आहे आणि तिच्यावर आपल्याच मातीत फार मोठी माणसे विचार करून गेली आहेत. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी त्यात आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शेती शिकवायची तर शाळेला जोडून छोटी नमुनेदार शेती असावी, असेही ते सुचवतात. मला यादीपेक्षा ही शेवटची सूचना महत्त्वाची वाटते. हे सुचवणाऱ्या माणसाची स्वतःची जमीन हडपसरशेजारी मांजरीला होती. शेतात उभे राहिले की हिशेब, हवामान, माती आणि सरकारी सारा हे सगळे एकदमच समोर येते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसणार.

पुढे 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची कल्पना पुढे आली. एक हस्तव्यवसाय मध्यभागी ठेवायचा आणि बाकीचे विषय त्याच्याभोवती गुंफायचे. बी.एड.च्या पुस्तकांत ही समवाय पद्धती म्हणून येते. कापसापासून सुतापर्यंत जाताना गणित, भूगोल, वसाहतीचा इतिहास सगळे येते, हे खरेच. पण प्रत्येक गोष्ट चरख्याला बांधायची ठरवली की काही गोष्टी ओढूनताणून बांधाव्या लागतात. कवितेने सुताशी नाते का सांगावे? नंतर 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग पुण्याजवळच्या पाबळला गेले आणि तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळेतली मुले गावाला लागणारी कामे करत शिकू लागली. बांधकाम, विजेची जोडणी, शेती, आरोग्यतपासणी. मला हा प्रयोग वर्ध्यापेक्षा मोकळा वाटतो, कारण गावाची गरज रोज नवी असते आणि तिच्याबरोबर विषयही बदलतो.

हे वाचून झाल्यावर काही काळ माझे मत अगदी पक्के होते. तास नकोत, विषय नकोत, भिंती पाडा. त्या मताला पुढे ढकलले ते 1897 या एका सालाने.

सराव पाठासाठी मला आठवीचा वर्ग मिळाला होता. विषय इतिहास. पाठटाचण काढताना मी त्या सालाच्या नोंदी एका कागदावर मांडत गेले. 10 जानेवारी: मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. 4 फेब्रुवारी: साथरोग कायदा झाला. 10 मार्च: सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. 22 जून: चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. या चारही गोष्टी मला शाळेत शिकवल्या होत्या, पण चार वेगवेगळ्या वह्यांत. चापेकर इतिहासात, सावित्रीबाई मराठीच्या पुस्तकात आणि 3 जानेवारीच्या भाषणात, प्लेग विज्ञानातल्या रोगांच्या तक्त्यात, कायदा नागरिकशास्त्रात. सहा महिन्यांच्या आत घडलेल्या या घटना एकाच साथीच्या आहेत, हे मला त्या कागदाने सांगितले.

आणि जागा? सावित्रीबाईंचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला तो हडपसरच्या ससाणे मळ्यात. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेतले आणि या दवाखान्यापर्यंत आणले. त्या सेवेतच त्यांना लागण झाली. माझ्या समोरच्या वर्गातली निम्मी मुले ससाणेनगर भागातून चालत शाळेत येत होती. देशातल्या पहिल्या शिक्षिकांपैकी एका बाईने अखेरचे काम जिथे केले त्या परिसरात ती राहतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या वयाची असताना मलाही कोणी सांगितले नव्हते.

पाठ सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला इतिहास संपला. एका मुलीने विचारले, “बाई, पिसवांमुळे होतो हे त्यांना माहीत होतं का?” प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला दोन विषय लागत होते. प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिन यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पिसवा तो उंदरांकडून माणसांकडे नेतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोगाने दाखवले 1898 मध्ये, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर. लोकांनी ते मान्य करायला तर आणखी काही वर्षे गेली. सावित्रीबाईंनी मूल पाठीवर घेतले तेव्हा रोग कसा पसरतो हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. वर्ग एकदम गप्प झाला. धैर्य या शब्दाचा अर्थ मराठीच्या तासाला शब्दार्थांत लिहून घेतात, तो त्या दिवशी विज्ञानातल्या एका सालाने त्यांना कळला असे मला वाटते.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मुंढवा ते इथं किती लांब?” आम्ही नकाशा काढला, दोरा रस्त्याच्या वळणांवरून फिरवला, तो प्रमाणपट्टीवर सरळ धरला. मग प्रश्नांची रांगच लागली. पाठीवर आजारी मूल घेऊन ताशी किती चालणे होईल? वाटेत कोणी हात लावायला आले असेल का? नसेल तर का नसेल? कोविडची टाळेबंदी पाहिलेली ती मुले. शेजारी दूर कसा होतो हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या टाळेबंदीत वापरलेला कायदाही 1897 चाच होता हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. आणि ज्या सीरम इन्स्टिट्यूटची लस त्यांच्या आईवडिलांनी घेतली ती 1966 साली उभी राहिली तीही याच हडपसरमध्ये.

भिंती पाडण्याचे माझे मत इथे पुढे सरकले. त्या तासात विषय एकमेकांत विरघळले नव्हते. उलट प्रत्येक विषय आपापल्या रीतीने चोख वागला म्हणूनच उत्तरे मिळाली. पिसवांबद्दलचे उत्तर भावनेने मिळाले नसते. त्याला प्रयोग आणि त्या प्रयोगाचे साल लागले. अंतराचा अंदाज चालला नसता, मोजावे लागले. हात लावायला कोणी आले असेल का, या प्रश्नाला मोजपट्टी नाही. तिथे त्या काळची जातव्यवस्था समजून घ्यावी लागते आणि पुरावा काय सांगतो, कुठे थांबतो हेही पाहावे लागते. विज्ञानाची शिस्त इतिहासाला लावून चालत नाही आणि कवितेची भूमितीला. सगळ्याचा एकच गोळा केला असता तर मुलांच्या हाती सावित्रीबाईंवरचे एक छान भाषण आले असते. भाषणे तर दर जानेवारीला होतातच.

म्हणून आता मला असे वाटते की विषय राहावेत, त्यांचे शिक्षक राहावेत, त्यांच्या रीती तर नक्कीच राहाव्यात. गोष्ट मात्र एक असावी, आणि ती मुलांच्या पायाखालची असावी. राज्यात 2023 मध्ये दुसरी ते आठवीसाठी सगळे विषय एका पुस्तकात घालून त्याचे चार भाग केले होते. दप्तराचे ओझे कमी करण्याचा तो हेतू चांगला होता. पण बांधणी एक झाली म्हणून धडे एकमेकांशी बोलू लागत नाहीत.

हडपसरमध्ये अशा गोष्टींची वाण नाही. मुठा उजवा कालवाच घ्या. खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पूर्ण झाले, तिथून निघालेल्या पाण्याने या भागातले मळे पिकवले. कालवा इतका वळणे घेत का येतो? पाणी पंपाशिवाय, फक्त उताराने न्यायचे तर जमिनीच्या उंचीशी जुळवून घ्यावे लागते म्हणून. म्हणजे भूगोलातली समोच्च रेषा आणि विज्ञानातले गुरुत्वाकर्षण एकाच काठावर भेटतात. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला 1903 मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे हा तर दाब आणि संतुलनाचा उघडा धडा आहे. मगरपट्ट्याची गोष्ट घ्या. शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत वाटा, असे ठरवले. गणिताच्या पुस्तकातली भागीदारीची उदाहरणे याहून वेगळी नसतात. फरक इतकाच की इथल्या भागीदारांची नातवंडे कदाचित त्याच वर्गात बसलेली असतात. 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला तो इथल्याच माळावर. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. आषाढीला निघालेल्या दोन पालख्या हडपसरलाच एकमेकींचा निरोप घेतात. माउलींची दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, हे मला नेहमी खटकते. तोच तर शिकण्याचा दिवस.

अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, चाचण्या असतात, दहावीचे वर्ष असते, हे सगळे खरे आहे. शिक्षकांवर शाळेबाहेरची कामेही लादली जातात, तीही कमी नाहीत. म्हणून मी दर तासाचे बोलत नाही. नवा विषय नको, नवी वहीही नको आणि त्यावर गुण तर मुळीच नकोत.

हडपसर, मुंढवा, मांजरी, फुरसुंगीच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. जूनमध्ये वार्षिक नियोजन करायला बसाल तेव्हा सगळ्या विषयांचे शिक्षक एका टेबलाशी बसा आणि प्रत्येक सत्रातला एक आठवडा आपल्या भागातल्या एका गोष्टीला द्या. वेळापत्रक आहे तसेच ठेवा, घंटाही तशीच वाजू द्या. फक्त त्या आठवड्यात गणिताच्या सरांनी, विज्ञानाच्या बाईंनी, मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी आपापल्या तासाला, आपापल्या रीतीने, त्याच एका गोष्टीबद्दल बोलावे. पहिल्या सत्रासाठी कालवा घ्या. दुसऱ्या सत्रासाठी ससाणे मळा घ्या आणि तो आठवडा 10 मार्चच्या आधी ठेवा.