पक्कं म्हणजे काय

घरकुलांचं मूल्यमापन करण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुरुवातीला हे काम मला फार सोपं वाटायचं. पाया, जोतं, खिडकीची पातळी, छत असे टप्पे. एकेक टप्पा गाठला की हप्ता पडतो. छत झालं, दार-खिडक्या लागल्या की रकान्यात ‘पूर्ण’ लिहायचं आणि पुढच्या पाड्याची वाट धरायची. १९८५-८६ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना असो की २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना, घर पूर्ण झालं म्हणजे योजना सफल, एवढाच माझा हिशेब होता.

तो पहिल्यांदा चुकला धडगाव तालुक्यात. सातपुड्याच्या उतारावर एक घरकुल उभं होतं. विटांच्या भिंती, वर पत्रा, दाराला नुकताच निळा रंग दिलेला. आत मात्र मक्याचा कडबा. शेजारीच कुटुंबाचं जुनं घर: सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, हाताने थापलेली कौलं, एका बाजूला बैल आणि शेळ्या. माणसं राहत होती ती त्या घरात. मी प्रपत्रात ‘वापरात नाही’ लिहिलं आणि जरा चिडूनच विचारलं, की सरकारने एवढं पक्कं घर दिलंय तर राहत का नाही? म्हातारी म्हणाली, “चैतात ये साहेब, न् दुपारी आत बसून दाखव.”

चैतात गेलो नाही. बसून दाखवायची वेळही आली नाही. पण ‘पक्कं’ हा शब्द तेव्हापासून खुपायला लागला.

त्यानंतर सरकारी व्याख्या नीट वाचल्या. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेत हातकौलाचं छप्पर कच्चं आणि यंत्रावर केलेल्या कौलाचं पक्कं. कुडाची भिंत कच्चीच, मग तिच्यामागे सागाचा खांब कितीही जाड असो. नवीन योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचं. अनुदान सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. वरच्या दहा हजारांत सिमेंटच्या गोण्या डोंगर चढतात, असं कागदाचं म्हणणं. रस्ता संपतो तिथून पुढे गोणी कोणाच्या डोक्यावरून जाते, हा प्रश्न प्रपत्रात नाही. एकूण आम्ही मोजत होतो ते सामान. घर मोजतोय अशी आमची समजूत होती.

‘कुटुंब’ या शब्दाचंही तसंच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यांतली. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. नर्मदा लवादाने १९७९ सालीच सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब मानलं होतं. त्या एका ओळीने किती घरं मोजायची हेच बदललं. नदीकाठची माणसं तळोद्याकडच्या वसाहतींत आली ती घराचे खांब-वासे सोडवून, सोबत घेऊन. आमच्या लेखी ते घर मूळ गावी संपलं होतं. त्यांच्या लेखी ते फक्त जागा बदलत होतं.

पेरूच्या वस्त्यांत काम केलेल्या जॉन टर्नर या ब्रिटिश वास्तुविशारदाने १९७२ मध्ये घराला नाम न मानता क्रियापद मानावं अशी मांडणी केली. वाचून मी हरखलो. बरीच वर्षं मी तीच टकळी चालवत होतो: लोक घर करत राहतात, सरकारने आयतं नाम हातात देऊ नये. आता वाटतं, त्यातही माझी थोडी चैनच होती. दर काही वर्षांनी कूड बदलायला बांबू लागतो, लिंपायला बाईचे हात लागतात, आणि जंगल आता पूर्वीसारखं हाताशी राहिलेलं नाही. क्रियापदाचे कष्ट कोण उपसतं, हे मी विचारलंच नव्हतं.

त्या म्हातारीच्या पाड्यावर परत गेलो तो पावसाळ्यात. घरकुलातला कडबा गेला होता. कोपऱ्यात बियाण्याची कणगी. खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, पासबुक, आधार. (देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं, ते कुठल्या खिळ्याला टांगलंय कोण जाणे.) नातू पंख्याच्या वायरीवरून ओढून घेतलेल्या दिव्याखाली गणितं सोडवत होता. शेजारच्या पाड्यात एक घर जळालं होतं, म्हणून जळू नये ते सगळं इकडे हलवलेलं. स्वयंपाक, झोप, पाहुणे, बैल मात्र जुन्या घरातच.

म्हणजे माझं ‘वापरात नाही’ही चूक आणि त्याआधीचं ‘पूर्ण’ही. त्यांनी दोन्ही मिळून एक घर केलं होतं, आणि माझ्या प्रपत्राला जागा एकाचीच होती. शेऱ्याच्या रकान्यात ‘दोन्ही घरे वापरात’ असं लिहिलं. आठवड्याने वरून फोन आला: लाभार्थ्याकडे आधीचं घर असेल तर तो पात्र कसा ठरला, याचा खुलासा करा.