मंदिरातला विद्यार्थी

वाचन : संत लूक २:४१-५२



बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा काय करत होता? आपण चटकन म्हणतो, शिकवत होता. शुभवर्तमान नीट वाचा. तो गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय, प्रश्न विचारतोय. (उत्तरांनी लोक थक्क झाले, पण ते नंतर.) देवाचा पुत्र आधी विद्यार्थी होता.

गेल्या महिन्यात जामसरला गेलो होतो. बारावीतल्या एका वारली मुलाने विचारलं, "दादा, कोणत्या कॉलेजातून पॅकेज चांगलं मिळतं?" मी पडलो इंजिनियर, आकडे तोंडपाठ. धडाधड सांगून टाकले. जव्हारचा घाट उतरताना हे वाचन आठवलं. मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता!

फादर हेन्री हेरास वेगळे होते. स्पेनचे हे येशूसंघीय धर्मगुरू १९२२ साली मुंबईत आले. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राचार्यांनी विचारलं, कोणता इतिहास शिकवाल? हेरासांनी उलट विचारलं, कोणता मुळीच ठाऊक नाही? उत्तर आलं, भारताचा. मग तोच शिकवतो, म्हणाले. आणि स्वतः शिकायला बसले. १९२६ मध्ये त्यांनी इतिहास संशोधन संस्था काढली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी 'एक्स कोर्दे एक्लेसिए' हे पत्रक दिलं. अर्थ, 'ख्रिस्तसभेच्या हृदयातून'. विद्यापीठाने सत्य मोकळेपणाने शोधावं आणि आपल्या काळातल्या गरिबीचा, अन्यायाचाही अभ्यास करावा, असं त्यात आहे. नोकरी वाईट नाही, त्या मुलाला ती लागलीच पाहिजे. पण तेवढ्यासाठी कुठलंही कॉलेज चालेल की. आपल्या कॉलेजांनी विचारायला हवं, १९९२ साली याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, कुपोषणाने मुलं का दगावली? भातकापणी झाली की अजूनही घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर का जातात? नागली-वरईचं बियाणं जपणाऱ्या आजीला आपण अडाणी का म्हणतो?

रविवारी मिस्सा झाल्यावर त्या मुलाला फोन लावला. "तुला काय शिकायचंय रे?"

बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "पाणी. पावसाळ्यात एवढं पडतं, आणि मार्चमध्ये आमची विहीर आटते. कुठं जातं, ते शिकायचंय."

हे कुठे शिकवतात, ते शोधतोय. फादर, सिस्टर, कुणाला माहीत असेल तर कळवा.